बाळ घरी येण्याआधी कुत्र्याची तयारी

बाळ घरी आल्या दिवसापासून कुत्र्याला गॅलरीत बांधून ठेवायचे, असे आपल्याकडे बऱ्याच घरांत होते आणि ते कुत्र्यावर अन्याय करणारे तर आहेच, पण बाळाच्याही हिताचे नाही. कालपर्यंत दिवाणखान्यात लोळणाऱ्या प्राण्याला एकाएकी साखळी लागते, त्याचे फिरणे चुकते, आणि हे सारे त्या नव्या वासाबरोबर व नव्या रडण्याबरोबर सुरू झाले एवढे त्याच्या नेमके लक्षात राहते. म्हणून जे नियम बदलायचे असतील ते निदान दोन-तीन महिने आधीच बदलावेत. पलंगावर झोपणे बंद करायचे असेल, बाळंतिणीच्या खोलीला जाळीचे दार लावायचे असेल किंवा सकाळचे फिरवणे दुसऱ्या कोणाकडे जाणार असेल, तर ती सवय आताच लावावी.

याच काळात पशुवैद्याकडे नेऊन रेबीजची लस, जंतांचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त करून घ्यावा, नखेही कापून घ्यावीत.

शिकवण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सांगितल्यावर आपल्या सतरंजीवर जाऊन स्वस्थ बसणे. ‘जागेवर’ म्हणावे, खाऊचा तुकडा सतरंजीवर टाकावा, आणि तो तिथे टेकला की आणखी एक द्यावा. हळूहळू दोन तुकड्यांमधला वेळ वाढवत न्यावा. हे जमू लागले की तान्ह्या बाळाच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून त्याला खाऊ घालावे आणि आवाज दिवसागणिक थोडा थोडा चढवावा. रिकामा पाळणा किंवा झोळीही त्याच्यासमोर हलवून पाहावी, कारण हलत्या वस्तूवर झेप घेण्याची ओढ काही कुत्र्यांना अनावर असते.

पहिले बाळंतपण माहेरी आणि कुत्रा सासरी असेल, तर आई व बाळ काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीच त्याच्यासमोर येतात. अशा वेळी बाळाच्या वडिलांनी प्रत्येक भेटीनंतर वापरलेले एखादे दुपटे सोबत आणावे आणि कुत्र्याला ते हुंगू द्यावे, मात्र त्याच्या तोंडी देऊ नये. घरी येण्याच्या दिवशी त्याला आधी भरपूर फिरवून आणावे. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची पद्धत असेल, तर तो विधी आटोपेपर्यंत त्याला आतल्या खोलीत ठेवावे, नाहीतर त्या तुकड्यासाठी तो नेमका बाळाच्या अंगावरून उडी घेईल. नंतर आईने रिकाम्या हातांनी जाऊन त्याला भेटावे, त्याचा आनंद ओसरू द्यावा, आणि मगच पट्टा हातात धरून थोड्या अंतरावरून बाळ दाखवावे. बारशाच्या गर्दीत त्याला सामील करून घेण्याचा आग्रह धरू नये.

त्यानंतरच्या आठवड्यांत बहुतेक घरे एकच चूक करतात: बाळ झोपले की कुत्र्याला जवळ घेतात आणि बाळ जागे झाले की त्याला हाकलतात. क्रम उलटा हवा. बाळाला तेल लावताना, पाजताना कुत्र्याला त्याच्या सतरंजीवर खाऊ मिळावा, त्याच्याशी प्रेमाने बोलावे. बाळ असले की आपलेही बरे चालते, हे त्याला रोजच्या अनुभवातून कळू द्यावे.

तरीही कुत्रा कितीही गुणी असो, त्याला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये. वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, तोंड फिरवणे, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसणे, अंग ताठ होणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. ती दिसताच दोघांमध्ये अंतर वाढवावे. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही मारू नये, कारण मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. बाळ रांगू लागले की खरी परीक्षा असते. तेव्हा कुत्र्याचे जेवणाचे भांडे आणि झोपण्याची जागा बाळाच्या वाटेत येणार नाही अशी हलवावी.

एवढे करूनही नख किंवा दात लागलाच, तर ओरखडा किरकोळ आहे म्हणून सोडून देऊ नये. हळद, तिखट, चुना असले काही न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.