आपली ओळख कोणाच्या नजरेने घडली, हे कसे तपासावे

'मी कोण' हे शोधताना बहुतेक जण डोळे मिटून आत पाहू लागतात. माझ्या मते आधी कान उघडे ठेवावेत. आठवडाभर एक वही जवळ बाळगावी आणि दिवसभरात कोणी आपल्याला काय म्हणून हाक मारली किंवा ओळख करून दिली, तेवढेच रात्री लिहावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकराच्या मुलाला घरी लाडाचे नाव असते, कारखान्यात तो 'अमक्याचा मुलगा' असतो, कट्ट्यावर 'काय बे' असतो आणि पुण्यात नोकरीला गेला की नुसता 'सोलापूरचा' होऊन बसतो.

प्रत्येक हाकेपुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: समोरच्याला आपण कसे दिसलो असे वाटले, त्याने आपल्याविषयी काय मत केले असे वाटले, आणि त्यामुळे अभिमान वाटला की शरम. ही विभागणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडली. पहिल्या दोन रकान्यांत 'वाटले' हा शब्द आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे, कारण दुसऱ्याची म्हणून जी नजर आपण वर्षानुवर्षे वागवतो, ती पुष्कळदा आपणच रंगवलेली असते. म्हणून निदान एका नोंदीची खातरजमा संबंधित माणसाला विचारून करावी. पुण्यात आईचा फोन आला की मी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात कन्नड बोलत असे. खोलीतल्या मित्राला ते गावंढळ वाटत असणार, अशी माझी खात्री होती. विचारल्यावर तो म्हणाला, "मला वाटायचं, घरी काहीतरी भांडण चालू आहे."

सगळेच शिक्के असे विचारून पुसता येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तेव्हा ती नोंद स्वतःच्या उणिवांमध्ये न लिहिता नाकारणाऱ्याच्या खात्यावर लिहावी.

यानंतर आपलेपणाकडे वळावे. १९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक निमित्ताने गट पाडले, तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि तेही गटात कोण आहे हे ठाऊक नसताना. तेव्हा 'आपल्या लोकांची' बाजू आपण कुठे विचार न करता घेतली, हे वहीत प्रामाणिकपणे लिहावे. शिवाय एखादी ओळख लादलेली आहे की पत्करलेली, हेही पाहावे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथे 'के दिहुआ' झाले. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. ते नाव त्यांनी पत्करले होते, आणि म्हणून ते सोलापूरचे कमी झाले नाहीत.

नोंदी करायला जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा उत्तम. सात मानाचे नंदीध्वज निघतात, आणि एरवी ऑफिसात शर्ट-पँटमध्ये दिसणारा शेजारी पांढऱ्या बाराबंदीत समोर आला की आपण त्याला वेगळ्याच आवाजात हाक मारतो. ती हाक त्याच रात्री लिहावी. सकाळपर्यंत तिच्यावर आपण इस्त्री फिरवलेली असते.