हात चुकतोय की टीव्ही? गिटार हीरो खेळताना या चुका टाळा

माझा भाचा ६ वर्षं तबला शिकलाय. गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर सरकत येणाऱ्या रंगीत नोटा गाण्याच्या तालात वाजवायच्या असतात. त्याची प्लॅस्टिकची गिटार भाच्याच्या हातात दिली, तेव्हा वाटलं, हा आता सगळ्यांची छुट्टी करणार. तर पठ्ठ्याच्या निम्म्या नोटा हुकल्या. "मामा, मी समेवरच मारतोय!" आणि तो खरंच समेवर मारत होता. समच उशिरा येत होती, कारण आवाज ब्लूटूथ स्पीकरवरून चालला होता.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. २००५ साली हा खेळ आला तेव्हा घरोघरी जुने डबा टीव्ही होते, त्यांच्यावर चित्र लगेच उमटायचं. आजचे टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करून मग ते दाखवतात, आणि ब्लूटूथवर एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. तेव्हा आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, स्पीकर वायरने जोडा आणि मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे चित्र, आवाज आणि हात यांचा मेळ बसवा. टीव्ही बदलला की पुन्हा करा. ओळखायचं कसं? नोटा सतत एकाच बाजूला हुकत असतील, म्हणजे नेहमी उशिरा किंवा नेहमी लवकर, तर दोष यंत्रणेचा. कधी अलीकडे, कधी पलीकडे हुकत असतील तर मात्र बोटांना कामाला लावा.

बोटांचं म्हणाल, तर नुसतं रंगीत बटण दाबून काही होत नाही. डाव्या हाताने बटण धरायचं आणि नोट रेषेवर आली की उजव्या हाताने स्ट्रम बार, म्हणजे तारांच्या जागी असलेली पट्टी, हलवायचा. नवखे दोन्ही एकदम करतात. बटण आधीच दाबून ठेवा, ताल उजव्या हाताला सांभाळू द्या. घाबरून दोन-चार जादा स्ट्रम मारले तर कॉम्बो, म्हणजे सलग लागलेल्या नोटांची साखळी, तुटतो. लांब शेपटीची नोट एकदाच छेडून धरून ठेवायची असते, खाजवत बसायची नसते.

हार्ड या अवघड पातळीवर गेलं की नारिंगी बटण येतं. बटणं ५, बोटं ४. करंगळी ताणू नका, सगळा पंजाच एक घर सरकवा. खाली मान घालून बटणं बघायची सवय असेल तर ती ईझीवर असतानाच मोडा.

नोटांची गर्दी झाली की बरेच जण त्यांचा पडद्यावर सरकण्याचा वेग कमी करतात. क्लोन हीरोसारख्या पीसीवरच्या खेळात हा वेग बदलता येतो. तिथे तो वाढवून बघा. गाणं तेवढ्याच लयीत राहतं, पण नोटांमधलं अंतर वाढतं आणि वाचायला सोपं जातं. मलाही हे आधी उफराटंच वाटलं होतं. गाण्याचीच लय कमी करायची असेल तर त्यासाठी प्रॅक्टिस मोड आहे, तिथे अवघड तुकडा तेवढाच घोटा.

ताऱ्यांच्या नोटा बरोबर वाजवल्या की स्टार पॉवर, म्हणजे काही वेळ गुण दुप्पट करणारी ताकद, मिळते आणि गिटार उभी केली की ती सुरू होते. ती मिळाली रे मिळाली की गिटार उभी करणाऱ्यांनी जरा दम धरावा. सलग ३० नोटा लागल्या की गुण चौपट होतात, त्यावर स्टार पॉवर टाकली तर आठपट. एकपटीवर उधळलीत तर नुसते दुप्पट. गिटार उभी करूनही काही घडत नसेल तर तिरपेपणा ओळखणारा सेन्सर गेला असेल. सेकंड हँड गिटारींत हे फार. अशा वेळी सिलेक्ट बटण दाबा, काम होतं.