शाळेचं सोलर चालू, मॉनिटरवर मात्र शून्य

गोव्यातल्या शाळेच्या छपरावर पॅनल तळपतायत आणि ईएसपी-32 या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या मॉनिटरवर 0 अँपिअर दिसतंय? आधी कोड उघडू नका, तारेभोवती बसून प्रवाह मोजणारा क्लॅम्प बघा. आमचा क्लॅम्प, एससीटी-013-030, इन्व्हर्टरच्या एसी बाजूला फेज-न्यूट्रल दोन्ही तारांभोवती बसवला होता. दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडत होते. इलेक्ट्रिशियनने एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून फक्त फेज आत घेतला, आकडा उमटला. तरी कमीच! क्लॅम्पच्या जबड्यातल्या फेराइटवर (चुंबकीय गाभ्यावर) चतुर्थीआधीच्या पावसातला ओलसर मळ. फट राहिली की चुंबकीय वाट तुटते. सुक्या कापडाने पुसून ‘टक्’ होईपर्यंत मिटवला, मग हातातल्या क्लॅम्प मीटरशी ताडला. हा क्लॅम्प 30 अँपिअरला 1 व्होल्ट देतो, हे त्रैराशिक मुलांनाच मांडू द्यावं. मार्गदर्शकाने शेजारी बसावं. डीबीला (वीज वाटणाऱ्या पेटीला) मात्र मुलांचा हात अजिबात नको.