जुन्या ट्रकची वॉशर बाटली बदलताना

गाडीखाली पाणी ठिबकलं म्हणजे बाटलीच फुटली, असं धरून थेट दुकान गाठू नका. काचेवर पाणी मारणाऱ्या या बाटलीच्या गळायच्या जागा चार. एक म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, दुसरी तळाशी मोटर जिथे घुसते तो रबर बुश, तिसरी मोटरच्या तोंडावर चढवलेला पाइप आणि चौथी दोन्ही नोझलकडे पाणी वाटणारा तीन तोंडांचा जोड, म्हणजे टी. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत पहिला संशय बुशवर घ्यावा. उष्णतेने रबर कडक होतं, आकसतं, आणि मोटर बोटाने हलवली की डुगडुगते. पाणी बाटलीच्या अंगावरून ओघळत तळाशी जमतं आणि बघणाऱ्याला वाटतं, तळ गेला.

खात्री करायला कपड्यांची नीळ पुरते. बाटली बाहेरून कोरडी पुसा, पाणी भरून त्यात निळीचे चार-पाच थेंब टाका, खाली पुठ्ठा ठेवा आणि अर्धा तास गाडीला हात लावू नका. ओघळ जिथून सुरू झालेला दिसेल तिथे गळती. निळं फक्त मोटरभोवती असेल तर बुश बदलला की काम संपलं. बाटलीच्या शिवणीवर किंवा बोल्ट जातो त्या कानापाशी निळी रेघ उमटली असेल, तर मात्र बाटली गेली. काहीच गळलं नाही पण बटण दाबल्याबरोबर ओलं झालं, तर दोष पाइपात किंवा टीमध्ये. हा प्रयोग जुन्या बाटलीतच करा. नव्या बाटलीत नीळ घातली तर डाग कायमचा.

चीर गेलेली बाटली एम-सील लावून वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. या बाटल्या पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकवर एम-सीलसारख्या एपॉक्सीची पकड बसत नाही. आज घट्ट वाटतं, दोन फेऱ्या झाल्या की खपलीसारखं निघून हातात येतं. सोल्डरिंगच्या गरम आयर्नने त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून चीर बुजवता येते, पण घरी पोचेपर्यंतचा उपाय म्हणूनच.

सामान आणायला जाताना

मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअरपार्टचा बाजार असो, कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की कळंबोली, जुनी बाटली काढून हातात घेऊन जा. फोटोवर भागत नाही. दुकानदार मॉडेल विचारतो, पण जुन्या गाडीवर मूळ बाटली राहिलेली असेलच असं नाही. मधे कुणीतरी दुसऱ्याच गाडीची ठोकलेली असते. दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर, मोटरच्या भोकाचा व्यास आणि टोपीचं तोंड कुठल्या बाजूला येतं, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. मूळ बाटली मिळत नसेल तर पट्टीसकट येणारी दीड-दोन लिटरची युनिव्हर्सल बाटली चालते.

मोटर घेताना व्होल्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टाटा ४०७ सारखी छोटी गाडी १२ व्होल्टची, तर १६१३ सारख्या मोठ्या गाडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोन्हीच्या मोटरी दिसायला जुळ्या. १२ ची मोटर २४ वर लावली तर पहिल्या दिवशी फवारा असा जोरात येतो की माणूस खूश होतो, आणि थोड्याच दिवसांत ती जळते. २४ ची १२ वर लावली तर काचेच्या खालच्या रबरापर्यंतच पाणी पोचतं. शंका असेल तर बटण दाबलेलं असताना मोटरच्या कप्लरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मल्टीमीटरने व्होल्ट मोजून घ्या.

बाकी यादी छोटी आहे: नवा बुश (जुना परत वापरायचा नाही, तो चांगला दिसला तरी), ४ किंवा ५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा काळा रबरी पाइप ३ मीटर, एक टी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट चपट्या वायसरसकट, आणि केबल टाय. पाइपासाठी जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा सोबत न्या. स्वस्तातला पारदर्शक पाइप नको. इंजिनच्या उष्णतेने तो पिवळा पडून काचेसारखा कडक होतो आणि जिथे वळतो तिथेच मोडतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह स्पेअरच्या दुकानात नाही मिळाला तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. फिशटँकच्या हवेच्या नळीला लावतात तोच ४ मिलिमीटरच्या पाइपात बसतो. जुगाड आहे, पण चालणारा.

काढणं

बाटली नेमकी कुठे आहे हे गाडीगाडीवर अवलंबून असतं: पुढच्या जाळीमागे, बॉनेटखाली, नाहीतर कॅबिनमध्ये डॅशखाली. सापडली नाही तर नोझलपासून पाइप धरून उलट्या दिशेने या.

आधी पाणी काढा. कॅब उचलायची गाडी असेल आणि बाटली कॅबलाच लावलेली असेल तर हे विसरू नका; कॅब कलली की उरलेलं पाणी टोपीतून वायरिंगवर सांडतं. कॅब उचलताना हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, चाकांना ठोकळे, आणि कॅबचं कुलूप बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या कॅबखाली काम करू नये, बाटलीसाठी तर नाहीच.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा किंवा बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद करा. मग कप्लर. जुना कप्लर वायर धरून ओढला तर वायर हातात येते आणि पिन आतच राहते. कुलपाची जीभ बारीक पेचकसने उचला, थोडं डावी-उजवी हलवत काढा. पाइप निघत नसेल तर ओढाओढ करून मोटरचं प्लास्टिकचं तोंड मोडू नका. तसाही पाइप नवा टाकायचाय, ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या.

बोल्ट १० नंबरच्या पान्याचे असतात आणि खरी कुस्ती इथे होते. खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा ६ मिलिमीटरचा बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बॉक्स पान्याने आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, ‘टक’ झालं की सोडायला घ्या. फिरतोय पण बाहेर येत नाही, म्हणजे पत्र्यातलं वेल्डिंगचं नट सुटलंय. मागून पक्कड घालायला जागा असेल तर ठीक, नसेल तर डोकं कापा आणि त्या जागी आरपार बोल्ट-नट टाका. गंज काढून उघड्या पत्र्यावर प्राइमरचा हात मारायला हीच वेळ. नंतर पुन्हा कोणी बाटली काढणार नाही.

बसवणं

नवी बाटली आधी आतून दोनदा विसळा. मोल्डिंगचा प्लास्टिकचा चुरा आत राहिलेला असतो आणि तो सरळ मोटरच्या जाळीवर जाऊन बसतो. मोटरच्या भोकाच्या कडेवर बोट फिरवा. कुसळासारखी धार लागली तर ब्लेडने साफ करा, नाहीतर नवा बुश पहिल्याच वेळी कापला जाईल.

बुश साबणाच्या पाण्यात बुडवून भोकात बसवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने हे रबर फुगतं आणि नंतर बसत नाही. बुशची खाच भोकाच्या कडेवर चारही बाजूंनी बसलीय का, हे बोट आत घालून तपासा. मग मोटरचं तोंड साबणाच्या पाण्याने ओलं करून फिरवत-फिरवत आत दाबा. सरळ दाबलं तर बुशच आत ढकलला जातो आणि बाटली उलटी करून झटकत बसावं लागतं. मोटर बसली की गाडीवर चढवण्याआधीच बाटलीत पाणी भरून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. तिथे एक थेंब दिसला तरी बुश पुन्हा बसवा; गाडीवर चढवल्यावर तिथे हात पोचत नाही.

जुनी बाटली कानापाशीच का फुटली असेल, याचा विचार बोल्ट आवळताना करायचा. रिकामा ट्रक खड्ड्यांतून आदळतो तेव्हा दोन लिटर पाण्याचं वजन त्या दोन कानांवरच झोके खातं. कानाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घाला, वर चपटं वायसर द्या, हाताने बोल्ट टेकवा आणि पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं की प्लास्टिक लगेच फुटत नाही, केसाएवढी चीर पडते आणि ती महिन्याभराने उघडते. युनिव्हर्सल बाटली असेल तर तिच्या पट्टीचा खालचा टेकू नक्की लावा. नुसत्या वरच्या दोन बोल्टांवर लटकवलेली बाटली टिकत नाही.

पाइप चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा. मोटरवर, व्हॉल्व्हवर, टीवर तो किमान एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे. व्हॉल्व्हवरचा बाण नोझलकडे. उलटा बसला तर मोटर घरघरते आणि पाणी येत नाही, मग माणूस उगाच मोटर बदलतो. हा व्हॉल्व्ह लावायचं कारण असं की बाटली नोझलपेक्षा खाली असली तर बटण सोडल्यावर पाइपातलं पाणी परत खाली उतरतं. पुढच्या वेळी दोन-तीन सेकंद वायपर कोरड्या काचेवर घासतो, त्यात काचेवर रेघा पडतात. पाइप सायलेन्सरपासून आणि कॅबच्या बिजागरीपासून लांब ठेवा. कॅब उचलताना ताण येऊ नये म्हणून तिथे थोडी ढील सोडा.

वायर जोडताना दोन चुका नेहमीच्या. ही मोटर पंख्याने पाणी फेकणारी असते, त्यामुळे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले तरी ती फिरते, फक्त फवारा मरतुकडा येतो. असं झालं तर दोन वायरी अदलाबदल करून बघा. दुसरी चूक टेस्ट लॅम्पची. काही गाड्यांत मोटरला पॉझिटिव्ह सतत मिळतो आणि बटण अर्थ जोडतं, म्हणून लॅम्पचा चिमटा बॉडीला लावला तर बटण न दाबताही दिवा पेटतो. लॅम्प कप्लरच्या दोन पिनांमध्येच लावा आणि क्लीनरला बटण दाबायला सांगा. कप्लर नवा टाकलात तर जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती चिकटपट्टी पावसाळ्यात सुटून लोंबते. फ्यूज उडत असेल तर त्या जागी तार घालू नका.

पाणी भरल्याशिवाय मोटर चालवून बघायची नाही. कोरडी फिरली की तिचं सील जातं. भरल्यावरही बटण एका वेळी पाच-सात सेकंद, मग सोडा. पहिल्यांदा पाइपातली हवा निघेपर्यंत पाणी यायला वेळ लागतो.

एका बाजूनेच पाणी आलं तर नोझल चोंदलाय. बारीक तारेने मोकळा करा, टाचणीने भोक मोठं करू नका. फवारा वायपर जिथून फिरतो त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात पडला पाहिजे, पण धावत्या गाडीत वारा तो हलवतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर एकदा बघून नोझल परत वळवावा लागतो.

बाटलीत भरायला महापालिकेच्या नळाचं पाणी उत्तम. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी नोझलमध्ये पांढरा क्षार धरतं. दोन लिटरला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरे. कपड्यांची पावडर तळाशी बसते, शॅम्पूचा फेस समोरचं दिसू देत नाही आणि रॉकेल रबर खातं. थंड देशांतलं न गोठणारं महागडं वॉशर फ्लुइड मुंबईत कशाला? धो-धो पावसात ही बाटली फारशी लागतही नाही. ती लागते रिमझिमीत, पुढच्या डंपरच्या चाकांचा चिखल काचेवर येतो तेव्हा, आणि पहिल्या सरीत काचेवरची धूळ-तेल एक होऊन समोरच्या दिव्यांचे पिसारे फुटतात तेव्हा.

टोपी हरवली असेल तर प्लास्टिकची पिशवी बांधून वेळ मारून नेऊ नका. उभ्या गाडीतल्या उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. पहिल्या लांब फेरीनंतर, म्हणजे कसारा घाट किंवा बोरघाट चढून-उतरून आल्यावर, दोन्ही बोल्ट हाताने चाचपा आणि बुशखाली टिश्यू पेपर दाबून बघा. कोरडा निघाला तर बाटलीवर पाण्याच्या पातळीची रेघ मार्करने मारून ठेवा. आठवड्याने न वापरता पाणी रेघेखाली गेलेलं दिसलं तर मोटरच्या तोंडावरचा पाइपाचा जोड तपासायचा राहिलाय.