मुलांच्या त्वचेतील टणक गाठ : या चुका टाळा

मुलाच्या भुवईजवळ, गालावर, मानेवर किंवा दंडावर छोटी गाठ दिसली, की खान्देशातल्या घरांत तिला अनेकदा केसतोड समजले जाते आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते. केसतोड लाल होते, ठणकते, पिकते आणि काही दिवसांत फुटते. पायलोमॅट्रिकोमा ही विरळा आढळणारी गाठही केसाच्या मुळातील पेशींपासूनच तयार होते. मात्र ती महिनोन्महिने सावकाश वाढते, सहसा दुखत नाही आणि आत कॅल्शियम साचल्यामुळे बोटांना खड्यासारखी टणक लागते. ही गाठ कर्करोगाची नसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे बिब्बा घालणे. सातपुड्याच्या पट्ट्यात बिब्बा सहज मिळतो, पण त्याच्या तेलाने वरची त्वचा भाजते, फोड येतात, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहू शकतो आणि गाठ मात्र आत तशीच राहते. चुना लावल्याने किंवा डागणी दिल्यानेही हेच होते. पिकलीच नसलेली गाठ पिळण्यातही अर्थ नाही. त्यातून जंतुसंसर्ग तेवढा ओढवतो.

मानेवरची गाठ गंडमाळच (क्षयामुळे मानेत येणारी गाठ) असेल असे मानून, तपासणीविना क्षयाची औषधे सुरू करू नयेत. पायलोमॅट्रिकोमाची गाठ त्वचेला चिकटलेली असते आणि त्वचेसह हलते. त्वचा ताणली, की गाठीचे कोनेदार उंचवटे दिसतात. सुईने घेतलेल्या नमुन्यात ती कधीकधी कर्करोगासारखी भासते, म्हणून तेवढ्याच अहवालावर घाबरून जाऊ नये. तज्ज्ञांचीही पूर्वी गल्लत झाली होती : १८८० मध्ये तिचे वर्णन झाले तेव्हा ती तेलग्रंथीतून उगवते असे मानले गेले आणि केसाच्या मुळाशी असलेले तिचे नाते १९६१ मध्ये स्पष्ट झाले.

ती आपोआप जिरण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. कापूस वेचणी आटोपेपर्यंत थांबल्याने बहुधा बिघडत नाही. परंतु गाठ झपाट्याने वाढली किंवा तिच्यावर जखम झाली, तर थांबू नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शस्त्रक्रियेत गाठ संपूर्ण काढून घ्यावी, कारण अंश उरल्यास ती पुन्हा वाढू शकते, आणि काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा. अशा अनेक गाठी असतील किंवा कुटुंबात स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण या दोहोंचा कधीकधी संबंध असतो.