खुकरीच्या पात्यावरचं घट्ट ग्रीस कसं उतरवायचं

नेपाळहून येणाऱ्या बऱ्याच नव्या खुकऱ्यांवर ग्रीसचा जाड थर चोपडलेला असतो. पातं कार्बन स्टीलचं, दमट हवेत लगेच गंजणारं, म्हणून ही काळजी. पण माल दुकानात पडून राहिला की थर सुकून मेणचट होतो आणि फडक्याला दाद देत नाही. पुतण्याने काठमांडूहून आणलेली खुकरी अशाच अवस्थेत माझ्याकडे आली. सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाल्यामुळे मोजमापाच्या गेजवरचं ग्रीस उतरवायची मला सवय आहे; तीच पद्धत इथे चालते.

उकळत्या पाण्यात मात्र पातं बुडवू नका. जुन्या धाटणीच्या खुकरीची मूठ राळेसारख्या लाहाने बसवलेली असते. उष्णतेने तो मऊ पडतो आणि मूठ खिळखिळी होते. मूठ म्हशीच्या शिंगाची असेल तर ती तडकायचीही भीती. सँडपेपर आणि तारेची घासणीही नको, पॉलिश कायमचं जातं.

खुकरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरा. धारेकडे बोटं आली आणि म्यानाची शिवण कापली गेली, तर हात कापतो.

पातं दुपारच्या उन्हात ठेवा, मूठ सावलीत. ऊन नसेल तर हेअर ड्रायर फक्त पात्यावर फिरवा. थर मऊ पडला की जुन्या एटीएम कार्डाने पाठीकडून धारेकडे ओढत काढा. फडकंही त्याच दिशेने, जाड घडी करून. धारेच्या लांबीवरून कधीच नाही.

आता पातं पूर्ण गार होऊ द्या, मगच रॉकेल. गरम लोखंडावर त्याची वाफ पेट घेऊ शकते. रॉकेल मिळालं नाही तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या. पेट्रोलला हात लावू नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद. भिजवलेली चिंधी पात्यावर दहा मिनिटं गुंडाळून ठेवली की उरलेला थर सुटतो. खरा चिवट भाग मुठीजवळच्या कौडीत, म्हणजे त्या छोट्या खाचेत असतो. काडीला चिंधी गुंडाळून तिथे फिरवा, तपकिरी डाग उमटायचा थांबेपर्यंत. वापरलेल्या चिंध्या बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा, बोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

भांड्यांच्या साबणाच्या ओल्या फडक्याने पातं पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढा. मूठ कोरडीच राहू दे. आता पात्यावर पाण्याचा थेंब टाका. पसरला तर स्टील स्वच्छ. गोळा होऊन बसला तर ग्रीस अजून आहे, पुन्हा रॉकेल.

इथून पुढे उशीर नको, कारण उघडं स्टील पावसाळ्यात बघता बघता तांबूस होतं. लगेच कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. स्वयंपाकात वापरायची असेल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइल घ्या. खोबरेल किंवा मोहरीचं तेल बराच काळ राहिलं की चिकट होतं.

पट्टीला फडकं गुंडाळून म्यानाच्या आतलं ग्रीसही पुसा, नाहीतर पहिल्याच वेळी पातं पुन्हा माखेल. एरवीही खुकरी कायम म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला कौडी आणि टोक तेवढं उघडून बघा.