वर्गात डिजिटल गोष्ट करताना या चुका टाळा

मुलांची डिजिटल गोष्ट म्हणून शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर जे फिरतं, त्यात बऱ्याचदा मागे संगीत वाजतं, चित्रं हलतात, आवाज बाईंचा असतो आणि मुलाने स्वतः लिहिलेलं वाक्य एकही नसतं. मेहनत खूप झालेली असते, पण ती शिक्षकांची. दुसरी-तिसरीतल्या मुलाला वाचता-लिहिता यावं म्हणून आपण मोबाइल किंवा टॅब वर्गात आणला, हे लक्षात ठेवलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत. उरलेल्या तांत्रिक आहेत आणि त्यांवर उपाय आहेत.

इयत्ता बघून गोष्ट निवडणं

प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि त्यांना वाचनाच्या चार पातळ्या दिलेल्या आहेत. तिसरीचा वर्ग म्हणून सगळ्यांना तिसरी पातळी, असं करू नका. नवी मुंबईतल्या दिघा, रबाळे भागातल्या एकाच वर्गात घरी मराठी बोलणारं, मराठवाड्यातून नुकतंच आलेलं आणि घरी हिंदी बोलणारं मूल शेजारी बसतं. मुलाला दोन पानं मोठ्याने वाचू द्या. ओळीओळीला अडलं तर एक पातळी खाली या. अनुवादित गोष्ट वर्गात नेण्याआधी स्वतः मोठ्याने वाचून बघा. तुमचीच जीभ अडखळली तर दुसरी घ्या.

आवाज पहिल्यापासून चालू ठेवणं

वाचून दाखवणाऱ्या गोष्टीत शब्द रंगत जातो, पण मुलाची नजर चित्रावर असते. तीन वेळा ऐकल्यावर गोष्ट पाठ होते आणि ‘वाचता येतं’ असा आपला समज होतो. क्रम बदला. आधी आवाज बंद करून चित्रांवर गप्पा, मग आवाज लावून शब्दाखाली बोट, मग पुन्हा आवाज बंद आणि मूल वाचणार. शेवटी मधलंच एखादं पान उघडून वाचायला द्या. पाठांतर असेल तर तिथे लगेच कळतं.

मुलाचं वाक्य ‘शुद्ध’ करून टाकणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. ऐरोली, घणसोली, दिवाळे इथल्या आगरी-कोळी घरातलं मूल खाडीवरची गोष्ट सांगताना ‘मना चिंबोरी गावली’ म्हणेल. आवाजावरून टाइप करणारी सोय त्याचं भलतंच काहीतरी करते, आणि ती चुकली नाही तर आपण ‘मला खेकडा सापडला’ असं सुधारतो. मग पडद्यावरचं वाक्य त्या मुलाचं राहतच नाही. ते वाचताना पुढे काय येणार याचा अंदाज त्याला बांधता येत नाही. स्वतः बोललेलं वाक्य जसंच्या तसं समोर आलं, तर पुढचा शब्द आधीच माहीत असतो आणि नजर त्या आवाजाला अक्षर जुळवू लागते. नव्याने वाचू लागलेल्या मुलासाठी याहून चांगला मजकूर कुठल्याही ॲपमध्ये मिळणार नाही.

म्हणून पहिला खर्डा बोलीतच, शिक्षकांनी हाताने लिहून घ्यावा. मुलाने तो वाचावा, मग टाइप करावा. पाठ्यपुस्तकातली भाषा शिकवायची आहेच. त्यासाठी दुसऱ्या दिवशी शेजारी ‘मला चिंबोरी सापडली’ लिहा आणि दोन्ही वाक्यं वर्गाकडून वाचून घ्या. गोष्टीतल्या संवादात बोली तशीच राहू द्या. चिंबोरी, निवटी (खाडीतला मासा), तिवरं (खारफुटी) हे शब्द तर दोन्हीकडे हवेत.

तयार चित्रांचंही तसंच. ॲपमधल्या चित्रसंग्रहात बर्फ आणि राजवाडे भरपूर सापडतात, ठाण्याच्या खाडीवरचे रोहित पक्षी क्वचित. मुलांकडून कागदावर चित्र काढून घ्या, खिडकीच्या उजेडात वरून सरळ फोटो घ्या. फ्लॅश नको, मेणखडू चमकतो.

अक्षरं तुटतात, त्याचं काय करायचं?

पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून मूल ती कीबोर्डवरही आधी दाबतं. मग ‘किल्ला’च्या जागी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली वेलांटी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, अक्षरं उच्चाराच्या क्रमाने टाइप होतात, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. ही अडचण झटकून पुढे जाऊ नका. मुलाला ‘कि’ हळू म्हणायला लावा, आधी काय ऐकू येतं ते विचारा. क मधला आवाज आणि इ चा आवाज वेगळे ऐकू येणं हाच वाचनाचा पाया, आणि इथे तो आयता हाती लागतो.

‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होत असेल तर साधा र वापरला गेला आहे. तिथे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, मग य लागतो. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ येतो. मोबाइलच्या कीबोर्डवर तो कुठे आहे, हे तासाआधी शोधून ठेवा.

शाळेच्या संगणकावर छान दिसणारी गोष्ट घरी उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करणं किंवा कन्व्हर्टर वापरणं, एवढेच मार्ग. कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका.

काही व्हिडिओ ॲप जोडाक्षरं फोडतात. नवं ॲप निवडताना ‘विद्यार्थ्यांनी दुसऱ्या किल्ल्यावर शंख वाजवला’ हे वाक्य त्यात टाकून पाहा. ते नीट दिसलं नाही तर फॉन्ट बदला, तरी जमलं नाही तर ॲप बदला. तुटकी अक्षरं वाचून मूल तुटकंच लिहायला शिकतं.

आवाज नीट येत नाही

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या शाळेत खिडक्या लावून आणि पंखा बंद करूनच ध्वनिमुद्रण होईल. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरा. तो विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येतो. एकेक पान वेगळं मुद्रित करा, म्हणजे चुकलं तर तेवढंच पुन्हा. आपलाच आवाज ऐकून मूल म्हणतं, ‘बाई, मी परत वाचू?’ ती संधी कधी नाकारू नका, सरावाचं वाचन असंच होतं.

एक टॅब, पाच मुलं

ज्याला वाचता येत नाही त्याला ‘तू चित्रं काढ’ असं सांगून बाजूला बसवू नका. कामं रोज बदला आणि प्रत्येकाकडून निदान एक वाक्य टाइप करून घ्या.

घाईने गटावर टाकणं

मुलाचा चेहरा, आवाज आणि पूर्ण नाव गटावर गेलं की परत घेता येत नाही. पालकांची लेखी संमती आधी घ्या. चेहऱ्याऐवजी मुलाने काढलेलं चित्र चालतं.

गटावर टाकली म्हणजे गोष्ट संपली, असंही नाही. तिची पीडीएफ काढून छापा, वर्गाच्या वाचन कोपऱ्यात दोरीला अडकवा आणि शेजारच्या तुकडीला वाचायला द्या. छापील प्रतीवर लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचं नाव हवं. स्टोरीवीव्हरवरचं चित्र वापरलं असेल तर त्या चित्रकाराचं नावही हवं, तिथल्या खुल्या परवान्याची ती अट आहे.